दोन चिंचोके

१७ मार्च २०२४, रविवार

नळाला पाणी आलं. आठव्या दिवशी! सकाळी साडेसहा ते सव्वासात. पिंप भरलं, बादल्या भरल्या, पातेली भरली, शेवटी सरोजचं कढीचं भांडंही भरून ठेवलं. एका माणसाला एवढं पाणी कशाला लागतं ते मलाही कळत नाही, पण हात थांबत नाही.

हातात बादली असतानाच बद्रीनाथ सर आले. आमच्या घरामागच्या शाळेत गणित शिकवतात. निवडणूक आली की या भागातल्या मतदारयाद्या त्यांच्या गळ्यात पडतात, आणि निवडणूक कालच जाहीर झाली. यादीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, घरात दोघंच ना? मधुसूदन आणि सरोजिनी? मी हो म्हणालो. काकू दिसत नाहीत, म्हणाले. मी म्हणालो, बाहेर गेल्यात.

त्यांनी खूण केली आणि पुढच्या घरी गेले.

बाहेर गेल्यात! सरोजला जाऊन चार वर्षं, एक महिना आणि आठ दिवस झाले.

१८ मार्च, सोमवार

सर शाळेत नवीन आहेत म्हणून खपून गेलं. शेजारी वच्छलाबाईंना विचारलं असतं तर?

२२ मार्च, शुक्रवार

फुलंब्री. मोंढ्यातल्या एका आडतीवरचा मोठा काटा पोत्यामागं चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता. पत्रा उचलून पाहिलं तर खाली घुशीनं हा एवढा मातीचा ढिगारा काढलेला! माती उपसली, वायर बदलली, वीस किलोची वजनं ठेवून चारी कोपरे तपासले. पुंजाराम नावाचा म्हातारा हमाल सगळा वेळ उकिडवा बसून बघत होता. आता ह्यो खरं बोलंल का, असं त्यानं विचारलं. बोलेल म्हणालो. एकदम रविवार आठवला. स्वतःचीच चीड आली.

स्टँडवर एकट्यानं मिसळ खाल्ली. पूर्वी दौऱ्यावर असलो की बरोबर एक वाजता सरोजचा फोन यायचा — जेवलात का? आणि तिखट नका खाऊ. आताही एकच्या सुमारास फोन वाजतो. नवीन सिमकार्ड घ्या म्हणणारी बाई असते. आज तिच्याशी दोन मिनिटं बोललो. लाज वाटते लिहायला.

२५ मार्च, सोमवार. धुळवड

बाहेर गेलो नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली. भोवरा. दाबला की टिकटिक वाजणारा बेडूक — अजून वाजतो! मेणबत्तीवर फटफट करत परातीत फिरणारी आगबोट, तिचं एक टोक गंजलंय. हे सगळं माझं लहानपणचं, पुढं मुलांना होईल म्हणून जपलेलं. मुलं झाली नाहीत. मग पावसाळ्यात आम्ही दोघंच परातीत आगबोट सोडायचो. सरोज हवा बंद व्हावी म्हणून खिडकी लावून घ्यायची, इतकी गंभीर!

तराजू पेटीत नाही. तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. मी आठ वर्षांचा असताना अण्णांनी कर्णपुऱ्याच्या जत्रेत घेऊन दिलेला — लाकडी दांडी, पत्र्याची दोन पारडी, लाल दोरे. पुढं आयुष्यभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त करायचे आहेत हे अण्णांना कुठं ठाऊक होतं!

लग्नानंतरची पहिली निवडणूक एक्क्याण्णवची. सरोजचा पक्ष वेगळा, माझा वेगळा, हे मत देऊन आल्यावर जेवताना कळलं. काय भांडलो त्या दिवशी! शेवटी तिनं चिंचेतला एक चिंचोका उचलला, तराजूच्या डाव्या पारड्यात टाकला. म्हणाली, हे माझं मत. मी उजव्यात माझा टाकला. दांडी सरळ. म्हणजे एवढ्या उन्हात जाऊन आपण केलं काय, असं म्हणून दोघं हसत सुटलो. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला तेच. एकमेकांचं मत फिटवायला आम्ही नटूनथटून जायचो.

दोन चिंचोके कधीच सारख्या वजनाचे नसतात. पण या तराजूला तेवढं बारीक कळत नाही.

आत्ता त्यात आहेत ते २०१९ च्या ऑक्टोबरमधले. पंख्यानं हलतात. धूळ बसलीय. पुसायला कुणाला देत नाही.

३१ मार्च, रविवार

बद्रीनाथ सर कोपऱ्यावर भेटले. वच्छलाबाईंनी सांगितलं त्यांना. मला वाटलं आता ऐकवणार. उलट तेच म्हणाले, काका, माझंच चुकलं, मी तसं विचारायला नको होतं. पिशवीतून सात नंबरचा फॉर्म काढून दिला. नाव वगळण्याचा.

मी म्हणालो, राहिलं नाव तर कुणाचं काय बिघडतं? सर हळूच म्हणाले, “काका, नाव राहिलं तर काकूंच्या नावावर भलतंच कुणीतरी मत टाकून जाईल.”

हे मला सुचलंच नव्हतं.

४ एप्रिल, गुरुवार

फर्दापूर. किराणा दुकानाचा छोटा काटा, वीस मिनिटांचं काम. बसला वेळ होता म्हणून लेण्यांच्या फाट्यावरच्या दुकानांतून फिरलो. दगडाच्या माळा, टोप्या, आणि एका म्हातारीकडं प्लास्टिकचा खेळण्यातला तराजू! हौसेनं हातात घेतला, एका पारड्यात खडा टाकला. काही नाही! दांडी मधोमध चिकटवलेली. काहीही टाका, कायम बरोबर! पुढाऱ्यांना असाच काटा आवडतो. म्हातारी म्हणाली, न्या की साहेब नातवाला. पुढच्या खेपेला नेतो म्हणालो. आणखी एक खोटं.

ही गंमत कुणाला तरी सांगावी म्हणून बसमध्ये शेजारच्याकडं वळलो. तो तोंड उघडं टाकून झोपला होता.

बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर. आमच्या बिलावरही तेच. मतदारसंघाचं नाव मात्र अजून औरंगाबाद. मी गिऱ्हाईक बघून बोलतो. सरोज असती तर यावरही एक आठवडा काढला असता आम्ही.

फॉर्म चार दिवस टेबलावर पडून आहे.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

गुढी उभारली. तिची पैठणी लावायचो, यंदा कपाटातून काढली आणि परत ठेवली. साधं खणाचं कापड लावलं.

वच्छलाबाई पुरणाची पोळी घेऊन आल्या. टेबलावरचा फॉर्म त्यांनी पाहिला. त्यांना वाचायला जड जातं, पण कशाचा आहे ते कळलं. “भाऊ, वैनींचं नाव कागदावर ठिवून काय वैनी येणार हायत व्हय?” म्हणाल्या. बोलायला फटकळ बाई, पण शेवटच्या तीन महिन्यांत सरोजची वेणी रोज त्यांनीच घातली. मतदानालाही दोघी जोडीनं जायच्या, बायकांच्या रांगेत.

आज एक गोष्ट लिहूनच टाकतो. कुणालाच सांगितलेली नाही.

२०१९ ला मतदान सोमवारी होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी सरोजचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं, सहा महिने धरा. बाहेर येऊन मी तिला म्हणालो, साधा अल्सर आहे, औषधानं जाईल. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलो. एकदाही तिच्यासमोर डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही. मला आयुष्यात बाकी काही जमलं नसेल, हे जमलं.

तर त्या सोमवारी मी मशीनसमोर उभा राहिलो आणि तिच्या चिन्हाचं बटण दाबलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, एकदा तरी ती जिंकू दे. घरी येऊन चेहऱ्यावर काही न दाखवता माझा चिंचोका माझ्याच पारड्यात टाकला. तिनं तिचा टाकला आणि माझ्याकडं बघून हसली. मला वाटलं, माझ्या बोटावरची शाई पसरलीय म्हणून हसतेय.

१० एप्रिल, बुधवार

फॉर्म भरला. कारण: मृत्यू. अर्जदाराशी नातं: पत्नी. दाखल्याची झेरॉक्स जोडली. खाली सही केली.

सरोजच्या नावावर भलत्यानंच मत टाकायचं? आणि तेही माझ्या पक्षाला टाकलं तर? ती मला सोडायची नाही!

सरांच्या हातात देऊन आलो. घरी येऊन खूप रडलो. ती गेली त्या फेब्रुवारीतही इतकं रडलो नव्हतो.

२८ एप्रिल, रविवार

सकाळपासून पाच भोंगे गेले गल्लीतून. सगळे पाणी देणार आहेत. एक्क्याण्णवलाही देणार होते.

खरा घोटाळा वेगळाच आहे. तिचा पक्ष मधल्या काळात फुटून दोन झाले. माझाही फुटला, त्याचेही दोन. काही इकडचे तिकडं, तिकडचे इकडं. आता तिचं मत कुठं गेलं असतं ते मला सांगता येत नाही! माझंही नाही. आणि समोरून फिटवणारं कुणी नसताना मी एकट्यानं मत टाकून करू काय? महापालिकेची निवडणूक तर इतकी वर्षं झालीच नाही, त्यामुळं ही वेळ आजवर आली नव्हती.

जाणार नाही. ठरलं.

७ मे, मंगळवार

मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या. दर वेळी दोन यायच्या. आज एकच. सर दारात जरा घुटमळले, मी चहा विचारला, ते बसले. बरं वाटलं. घरात दोन कप विसळायची वेळ किती दिवसांनी आली!

१२ मे, रविवार

पाणी नाही. नववा दिवस.

वच्छलाबाई कुंपणावरून सांगून गेल्या की सकाळी सातला तयार राहा, त्यांना सोबत लागते. मी जाणार नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, वैनी नायत तर तुमी तरी चला, मी एकटी कुटं जाऊ. हे ऐकून नाही म्हणवेना.

१३ मे, सोमवार

गेलो. शाळेच्या भिंतीच्या सावलीत दोन रांगा शेजारी शेजारी — बायकांची, बाप्यांची. वच्छलाबाई माझ्या बाजूलाच होत्या. उभ्या उभ्या बोलून गेलो, की गेल्या खेपेला मी गुपचूप सरोजच्या चिन्हावर टाकलं होतं.

त्यांनी मागंपुढं कुणी ऐकतंय का ते पाहिलं. मग म्हणाल्या, “भाऊ, वैनींनी तवा तुमच्यावाल्याला टाकलं व्हतं. हितंच, ह्याच रांगंत सांगितलं मला. म्हणल्या, मी आता सा महिने बी नाय काढायची, एकडाव ह्येंना जिंकू दे. मला समजलंय हे त्येंना कळू देऊ नका, लई जीव लावून लपिवतेत.”

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

मत दिलं. कुणाला, ते इथंही लिहीत नाही.

घरी येऊन तराजूवरची धूळ पुसली. चिंचोक्यांची अदलाबदल केली — माझा तिच्या पारड्यात, तिचा माझ्या. दांडी जराशी हलली, मग परत सरळ झाली.