काळ्या दगडातलं सोनं

४ नोव्हेंबर
डोकं फिरलंय! मशीनवाल्या काकांना दहादा बजावलं होतं — माझ्या दगडाला काही म्हणजे काही लावू नका. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली चित्र थरथरू नये म्हणून बाकीच्यांच्या नमुन्यांवर ते सोन्याचा पातळ थर चढवतात. पण मी दगडात सोनंच शोधतेय ना! आणि आज पडद्यावर काय? कार्बनच्या काळ्या पट्ट्यांवर जिकडेतिकडे सोनं. चित्र एकदम स्थिर. थर चढवल्याशिवाय असं दिसतं होय?

"ताई, शपथ, मी काही लावलं नाही," म्हणे. बावीस वर्षं मशीन चालवतायत. सवयीने केलं असणार, आणि वर तोंड करून नाही म्हणतात!

५ नोव्हेंबर
पीएचडीच्या गाइड सरांचं एकच — "पंधरा तारखेपर्यंत पुरावा दाखव, नाहीतर विषय बदल." खाणीतल्या दगडातून सोनं काढायला सायनाइडचं पाणी वापरतात; त्यात सोनं विरघळतं आणि दगडातलाच कार्बन ते परत गिळून बसतो, हे मी तीन वर्षं घसा फोडून सांगतेय. त्या पाण्यातून काढलेला हा एकच तुकडा धड होता. त्याचीही वाट लावली!

लेखी तक्रार दिली. व्हरांड्यात सगळ्यांसमोर काकांना नाही नाही ते बोलले. ते नुसते आपल्या हातांकडे बघत होते.

६ नोव्हेंबर
बोलले ते बरंच झालं.

८ नोव्हेंबर
काकांना मशीनवरून काढलं. स्टोअरमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलंय. आई फोनवर म्हणाली, "अगं, एवढं कशाला ताणलंस?" तिलाही झापलं.

११ नोव्हेंबर
फेकायच्या आधी तो तुकडा सहज पुन्हा मशीनमध्ये ठेवला. काळ्या पट्टीवरून शेजारच्या गारगोटीवर सरकले — चित्र पांढरंफटक, नुसतं थरथरतंय! थर असता तर इथेही स्थिर दिसलं असतं. म्हणजे थर नव्हताच. कार्बनमधून वीज आपोआप वाहून जाते, म्हणून तेवढ्याच भागात चित्र स्थिर होतं. हे पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा सांगतील! आणि गारगोटीवर सोन्याचा कणही नाही. सगळं सोनं कार्बनवर. खरं सोनं. तीन वर्षं हेच तर शोधत होते, आणि मी त्या माणसाला झोडपत बसले. गाढव आहे मी, गाढव!

१२ नोव्हेंबर
तक्रार मागे घ्यायला ऑफिसात गेले. कारकुनाने फाइल पुढे सरकवली. काकांनी सात तारखेलाच लिहून दिलंय — थर माझ्याच हातून चढला, चूक मान्य आहे. खाली सही.

"आधी नाहीच म्हणत होते," कारकून म्हणाला. "मग म्हणाले, ताई एवढ्या खात्रीने ओरडल्या, म्हणजे माझंच चुकलं असेल."