भुईचाफ्याची रिकामी जागा

२७ मार्च
आबांनी, माझ्या आजोबांनी, आज परत विचारलं, "भुईचाफा वर आला का रे?" नाय म्हणालो.
उस्मानपुऱ्यात घरामागं त्यांची बाग, दोन खाटा मावतील एवढी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांना धुरकटच दिसतं. गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही. म्हणून मला विचारतात.
येणार कुठून? जानेवारीत मीच ती जागा खणली. वर्गातल्या सा.ला गावठी गुलाब आवडतो, त्याची काडी लावायला. थंडीत भुईचाफ्याची पानं जातात, वर नुसती माती राहते. मला वाटलं, मेला. गड्डे मातीसकट कोपऱ्यातल्या ढिगावर फेकले.
मी तो फक्त फुललेला बघितला होता.

३० मार्च
गुलाबाला कळी. सा.ला फोटो पाठवला. दोन निळे टिक. बस.
आई म्हणते, तिच्यापायी कॉलेज सोडलंस. सर वर्गात तिच्या चित्राला हसले, मी रंगाचा डबा भिंतीवर भिरकावला. माफी माग म्हणाले, मागितली नाही. जिन्यात सा. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं मधी पडायला?"
तेव्हापासून ब्रश हातात नाही. आता राग पण येत नाही. जेवतो, झोपतो.

३ एप्रिल
जयंतीला अकरा दिवस. आबांना कागद हवाय.
सात वर्षांचा असताना भुईचाफ्याचं पहिलं फूल तोडायला गेलो होतो. आबांनी मनगट धरलं. वाळूजच्या एका कंपनीत माळी होते तेव्हा, हात म्हणजे खुरपं. "आधी बघ. बघितलं ते कागदावर उतरव. मंग बोलू." कॅलेंडरच्या पाठीवर काढलं. म्हणाले, "पाकळीला पाठ बी असती." चार वेळा काढायला लावलं. फूल तसंच जागेवर, चित्र मात्र १४ एप्रिलला फोटोपुढं.
तेव्हापासून दरसाल. एक वर्ष चुकलं नाही.

६ एप्रिल
औरंगपुऱ्यातून कागद आणला. आठवणीतनं फूल काढलं. जांभळट पांढरं, हुबेहूब. आबांना कळलं नसतं.
फाडलं.

९ एप्रिल
ढीग उकरला. आई म्हणाली, "भर उन्हात काय हुडकतो?" काय नाय.
पाच गड्डे सापडले. तीन कुजलेले. दोन टणक, नखानं खरवडले तर आत ओलं, वास तोच. परत जागेवर लावले. गुलाब उपटून पत्र्याच्या डब्यात ठेवला. दुपारपर्यंत कळीनं मान टाकली. बघत बसलो. काहीच वाटलं नाही.

१३ एप्रिल
सांगितलं. आबा उद्याचा पांढरा सदरा मांडीवर घेऊन गुंडी शिवत होते, सुई चाचपडत.
"आबा, भुईचाफा मी खणला. गुलाब लावायला."
"पोरीसाठी?"
"व्हय."
"आवडला का तिला?"
"माहीत नाय. आता तो पण उपटला, दोन गड्डे परत लावलेत."
"मंग दोन्ही झाडांनी काय घोडं मारलं होतं रं तुझं?"
गुंडी झाली. दोरा दातानं तोडला.
"उद्याचा कागद?"
"काय काढू? तिथं काय नाय."
"नाय कसं? जे हाय ते बघ की."

१४ एप्रिल
पहाटेपासून जागेसमोर बसलो. कागदावर माती काढली. तडे, मुंग्यांची वाट, गड्डे लावताना मी खुणेला रोवलेली काडी, खुरप्याचे माझेच ओरखडे. तीन महिन्यांनी समोर बघून काढत होतो, हात आखडला होता.
चित्र फोटोपुढं ठेवलं. शेजारची मावशी मेणबत्ती लावताना म्हणाली, "ह्यावर्षी काय, ढेकळं?"
आबा म्हणाले, "फूल खाली हाय."
नंतर कागद डोळ्यांना पार चिकटवला. "वर जागा सोडलीस का?"
सोडली होती. चार बोटं, कोरी.
"मंग ठीक."

१९ एप्रिल
सा.चा मेसेज: गुलाब कसाय? तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
आतून आबांचा आवाज, "आला का रे?"
उठलो. उकिडवा बसलो. काडीपाशी माती किंचित फुगल्यासारखी. मुंग्यांनीही केली असेल.
"नाय अजून," म्हणालो. या वेळी बघून सांगितलं.