मुदत संपल्यावर

५ फेब्रुवारी २०२४
दारात सकाळपासून माणसं. माझी नगरसेविकेची मुदत संपून दोन वर्षं होत आली, निवडणूक नाही, पालिकेवर प्रशासक. तरी लोक इथेच येतात. जाणार कुठे?
आज छाया, सासूला घेऊन. माझ्या प्रचारात हीच पोरगी डोंगरावरची अख्खी वस्ती चढली-उतरली होती. आता आठवा सरतोय. खालचं पालिकेचं प्रसूतिगृह दुरुस्तीसाठी बंद, हिला घाटकोपरला जा म्हणतात. सासू म्हणाली, "तुमी होतास तेव्हा कुलूप नव्हतां."
खरंय. "बघते" म्हटलं.

८ फेब्रु.
वॉर्ड ऑफिस. साहेब नवीन, सभ्य. चहा दिला. "मॅडम, फाईल वर गेलीय."
वर म्हणजे कुणाकडे?
"वर."
पूर्वी सभागृहात उभी राहिले असते. ओरडले असते. उत्तर द्यावंच लागायचं. आता सभागृहच रिकामं. चहा प्यायले, आले.

१३ फेब्रु.
आमदारांना गाठलं. "ताई, हा पालिकेचा विषय." पालिकेतला म्हणतो, निर्णय सरकारचा. पक्षातल्यांना फोन केला तर, "आत्ता नको, लोकसभा होऊ दे." छायाच्या कळा लोकसभेसाठी थांबणारेत का?
घरी हे म्हणाले, "तू आता कोण आहेस सांग बघू?" रागाने नाही, काळजीनेच. तरी जेवले नाही.

२१ फेब्रु.
छायाला झाली. मुलगी. दिवसांच्या आधी, विक्रोळीच्या सिग्नलला, रिक्षात. सासूने पदरात घेतली. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा बाळ काचेच्या पेटीत. छाया बरी.
तिचा नवरा, कधी मान वर करून न बोलणारा, म्हणाला, "तुम्ही बघते म्हणाला होतात ना, ताई?"
पाणी आणून दिलं त्याला.

२४ फेब्रु.
बाळ पेटीतच. श्वास अजून नीट नाही.
दुपारी गेले तर छाया भिंतीला धरून उभी. रडत नव्हती. म्हणाली, "आम्हाला कोण काय सांगत नाय. तुम्ही विचारा ना डॉक्टरांना. तुमचं ऐकतात सगळे."
कोण ऐकतं गं, असं अगदी ओठावर आलं. तिच्या तोंडाकडे बघून गिळलं. पदर सारखा केला, डॉक्टरांच्या केबिनपर्यंत गेले. बाहेरच्या शिपायाने विचारलं, "आपण कोण?"
म्हटलं, "बाळाची माणसं."
"बसा," म्हणाला.