हरणाचा वाटा

मु. ट्रॉय, अमेरिका

चि. दत्तारामास ताईचा आशीर्वाद.

आम्ही धड आहोत. सिद्धेशच्या गाडीखाली हरीण मेलं, पण माझ्या लेकाला खरचटलंसुद्धा नाही.

शेजारच्या रॉनची नोकरी गेलीय. तो म्हणाला, "मांस मी नेऊ? इथे कायद्याने चालतं." मी म्हटलं, देऊन टाक, तर आमचा शहाणा म्हणतो, "नको, आई, व्हिसाचं लफडं होईल!" सूनबाई नाक दाबून उभी. शेवटी ते ताजं जनावर कचऱ्याच्या गाडीत गेलं. मग दोघांनी कोंबडी मागवली. ती काय झाडाला लागते? मारलंस तर निदान कुणाच्या पोटात जाऊ दे, मेल्या!

मी जेवले नाही.

तुझा गुडघा कसा आहे? जत्रेच्या बकऱ्याचा वाटा पारू म्हातारीकडे अजून जातो ना? चुकवलात तर मला तोंड दाखवू नका.

तुझी ताई