जोडणारं पाणी

३ मार्च, सोमवार
नातीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले. चौसष्टाव्या वर्षी नोकरी, म्हणजे म्हातारपणी पायात चाळ. पण नात दिवसभर डोळ्यांसमोर राहील. बाटली नळाच्या पाण्याने तीनदा विसळायची, मग शुद्ध पाण्याने तीनदा. रबरी हातमोजे दोन खुंट्यांवर, एक जोड माझा, एक साखरबाईचा. हे नाव मीच ठेवलं. ती दहा वर्षं इथे बाटल्या धुतेय आणि बोलणं असं की मुंग्या लागाव्यात.

५ मार्च
नातीने तिचं काम समजावलं. जिवाणूंच्या पोटात एक प्रथिन असतं, ते डीएनएचे तुटलेले धागे सांधतं. हिने काढलेलं नवं म्हणे उबेतही टिकतं. मी विचारलं, कशालाही चिकटतं का. हसली. म्हणाली, आजी, टोकं तुटलेली असतील तिथेच धरतं. एवढं मला सांगितलं आणि डबा जाऊन खाल्ला साखरबाईसोबत. तिलाही आजीच म्हणते. आईविना नऊ महिन्यांची पोर मी वाढवली, आणि आजी ती?

१० मार्च
साखरबाईचं बोट काचेने कापलं. नातीने फुंकर घालून पट्टी बांधली. माझे हात साबणाने भेगाळलेत, ते कुणाला दिसले नाहीत.

११ मार्च
नातीची त्या प्रथिनाची नळी बर्फातून उचलली आणि साखरबाईच्या मोज्यांत ओतली. चिकटू देत बोटं. आठवडाभर घरी बसली की डबा माझ्यासोबत.

१२ मार्च
मोजे आतून ओले लागले. माझे फाटलेत म्हणून साखरबाईने सकाळी माझ्या खुंटीवर आपले अडकवून ठेवले होते. मला हे दुपारी कळलं. तोवर उजवी करंगळी आणि शेजारचं बोट — मध्ये फटच नाही. भेगा मात्र गेल्या.

१३ मार्च
साखरबाईने पाहिलं. घाबरू नका म्हणाली, माझा हात हातात घेतला. तिची पट्टी सुटलेली —

१४ मार्च
तिच्या हातातून माझा हात सुटत नाही. दुखतही नाही. डाव्या हाताने लिहितेय. डॉक्टरांनी बोट लावलं नाही. नात रडली, मग दोघींना भरवलं. पहिला घास तिला.

१५
कोपरापर्यंत. नात इथे कामाला आली तो पहिला दिवस आठवतोय, बावरलेली, दारात उभी — मी तेव्हा इथे नव्हतेच —

१६
अक्षर गोल येतंय. माझं कधी असं —
नातीने दारातून हाक मारली, आजी. मी ओ दिली. आवाज मात्र गोड, मुंग्या लागाव्यात असा