हरवलेल्यांचं निवेदन

भिवंडी
९ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. सुनीतीताईस,
हरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आधी गोड बातमी. आपल्या सुचेताला ठाण्याचं स्थळ आलंय. मुलगा इंजिनियर, घर स्वतःचं आणि नाकीडोळी तुझ्या यजमानांपेक्षा बरा, हे त्यांना मुद्दाम वाचून दाखव. तुझ्या भाचीने नशीब काढलं. मंडळी मात्र फार चौकस. घराण्यात कोणाला कोड, फेफरं, डोक्याचं काही आहे का, हे त्यांनी चहा संपायच्या आत विचारून घेतलं.

दुसरी बातमी म्हणजे आपली माई हरवली आहे. आज नववा दिवस. तिला गणेशपुरीला गरम कुंडावर नेली होती. परतताना वज्रेश्वरीच्या एसटी स्टँडवर बाकावर बसवून मी गाडीची चौकशी करायला गेलो, आलो तो बाक रिकामा. हल्ली तिला स्वतःचं नावही आठवत नाही, मला ती भावजी म्हणते. पोलिसांत गेलो नाही. गाजावाजा झाला तर ठाण्याच्या मंडळींपर्यंत पोचायला कितीसा वेळ? शेजाऱ्यांना सांगितलंय की माई मिरजेला तुझ्याकडे गेली. म्हणून तू येऊ नकोस, आम्ही खोटे पडू.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा हरी

मिरज
१३ फेब्रुवारी १९८८

चि. हरीस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहिला गेला. मांजर हरवलं तरी लोक त्याच दिवशी गल्लीत विचारतात रे, आणि तू नऊ दिवस चहा पाजत बसलास.

आजच्या आज पोलिसांत जा आणि दूरदर्शनवर निवेदन दे. संध्याकाळी हरवलेल्यांचे फोटो दाखवतात, घरोघरी बघतात. मजकूर मी सांगते, कारण तुझा भरवसा नाही. मानसिक संतुलन बिघडलेलं आहे, हे शब्द हवेतच. नाव सांगू शकत नाहीत, हेही. वहिनीने उवांचं निमित्त करून तिचे केस कानापर्यंत कातरले, तेही लिही, वहिनीला आवडो न आवडो. हनुवटीवर मस आहे. फोटो दिवाळीतला दे.

माई दिसली की तार कर. मग लोभाचं बघू.
तुझी ताई

भिवंडी
२४ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी निवेदन झालं. निवेदिकाबाईंनी काय सुरेख वाचलं. मजकूर मीच बसून लिहिला होता: वय अडुसष्ट, वर्ण गोरा, लांब केसांचा अंबाडा, नेसणं नऊवारी, सुशिक्षित, स्वतःचं नाव व पत्ता सांगू शकतात, तीर्थयात्रेहून परतताना चुकामूक झाली. संतुलनाचं मी गाळलं. ज्या वाक्याने पोरीचं स्थळ मोडेल ते सगळ्या गावाला कसं ऐकवू? दिवाळीतला फोटो बघवत नाही, म्हणून तुझ्या लग्नातला दिला, नथ घातलेला.

ठाण्याच्या मंडळींनी पाहिलं. फोन करून हळहळले, आजी किती तेजस्वी दिसतात म्हणाले. वैशाखातला मुहूर्त धरलाय. ताई, रागावू नकोस, पण माई तुला सापडलीच तर लग्न उरकेपर्यंत तुझ्याकडेच ठेव.

आम्हा सर्वांवर पूर्वीसारखाच जीव असू दे.
तुझा हरी

कल्याण
२८ मार्च १९८८

हरी,

माई सापडली, म्हणजे तिचा फोटो सापडला. तुला न कळवता पंधरा दिवस मी या भागातली आश्रयगृहं पालथी घातली. कल्याणजवळच्या एकाच्या वहीत तो चिकटवलेला होता. खाली लिहिलंय: अनोळखी वृद्धा, केस आखूड, हनुवटीवर मस, नाव सांगत नाही. वज्रेश्वरीहून एसटीत बसून आली होती, कंडक्टरने पोलिसांच्या हवाली केलं. तू जेव्हा मला पहिलं पत्र लिहीत होतास तेव्हा ती इथेच होती. नऊ मार्चला तापाने गेली. कोणी विचारायला आलं नाही म्हणून पोलिसांनीच अग्नी दिला.

लग्नाला मी येणार नाही. सुचेताचा काही दोष नाही, तिला आशीर्वाद. तुला मी काही देत नाही.

तिथे पुतळाबाई म्हणून कामाला आहे, माईला तीच भरवायची. तिने सांगितलं की त्या शनिवारी निवेदन लागलं तेव्हा साऱ्या बायका टीव्हीसमोरच बसलेल्या होत्या. पुतळाबाईने सगळं नीट ऐकलं, उठून एकेकीचं तोंड निरखून पाहिलं. सोताचं नाव सांगनारी, अंबाडा घालनारी आमच्यात कोनीच न्हाय, असं म्हणून परत खाली बसली. माई तिच्या शेजारीच होती. नथवालीचा फोटो बघून तिचे डोळे भरून आले. पदराने ते पुसत ती पुतळाबाईला म्हणाली की बाई नशिबाची दिसते, हिला शोधणारं कोणीतरी आहे.

सुनीती