मावशीने आधीच दिलेला शब्द

प्रिय जिरियस,

चर्चचं दार जळालं हे तुला तिकडे सांतियागोत कळलंच असेल. पण चिलीपर्यंत पोचेतो बातमीला किती तिखटमीठ लागलं असेल, देव जाणे. म्हणून जे मी स्वतः पाहिलं तेवढंच लिहितो. चर्च जळालं नाही. फक्त पुढचं दार, त्यातही खालचा भाग. जुनं अक्रोडाचं दार असतं तर एवढं जळालं नसतं. पाद्रीबाबांनी शहरातून हलक्या लाकडाचं आणवलं तेव्हाच मी बोललो होतो. नवं मी करून दिलंय. मी शाळा आठवीत सोडली, सुतारकी मला कुणी शिकवली नाही, पण माझं दार आपल्याकडच्या हिवाळ्याच्या पावसात फुगत नाही, गल्लीत कुणालाही विचार.

झालं असं. युरोपातला कुणी बिशप प्रवचनात आमच्या पैगंबरांविषयी वाईटसाईट बोलला. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. खरं सांगतो, टीव्हीवर ऐकलं तेव्हा मलाही राग आला. आपल्या आईविषयी कुणी बोलावं तसं वाटलं. मी दुकान बंद करून मोर्च्यात गेलो आणि त्याची मला आजही लाज नाही. शेख राघिब मशिदीच्या पायरीवरून स्पष्ट म्हणाले, "राग त्या बिशपवर. शेजाऱ्याच्या केसाला धक्का लागला तर माझ्याशी गाठ आहे." मोर्चा पांगला. मग काही पोरं चर्चकडे वळली आणि दारावर पेट्रोलच्या बाटल्या फुटल्या. तुझी आई, माझी मानलेली मावशी, तेव्हा आत पितळी दिवे घासत होती. मागच्या बाजूने बाहेर पडली. खोकला झाला होता, आता नाही.

दुसऱ्या दिवशी गावातली मोठी माणसं तिच्याकडे गेली. पाद्रीबाबा रविवारपुरते येतात, चर्चची किल्ली तिच्याकडे. जायचं तर तिच्याकडेच. पुढे हाज्जी वासफी, मग शेख राघिब, आणखी दोघेतिघे, आणि घरचा म्हणून मी. आपली रीत तू विसरला नसशील. पाहुण्याने कॉफीचा कप खाली ठेवून मागणं सांगायचं, आणि यजमानाने "दिलं, प्या" म्हटल्याशिवाय तो ओठाला लावायचा नाही. मावशीला वाटलं, ही माणसं माफी मागायलाच आलीत, दुसऱ्या कशाला येतील? एवढ्या वयाच्या हाज्जींना माफीचा शब्द तोंडाने काढायला लावायचा नाही, हा तिचा मोठेपणा. कप खाली टेकले तशी तीच म्हणाली, "प्या, निवेल ती. जे मागायला आलात ते दिलं म्हणून समजा."

हाज्जी प्यायले. कप ठेवून म्हणाले, "जिरियसच्या आई, शुक्रवारी नमाजानंतर तुम्ही चौकात उभं राहून सांगा, त्या बिशपचं बोलणं तुम्हा लोकांना मान्य नाही म्हणून. पोरांची डोकी थंड होतील. तुमच्याच भल्याचं आहे."

मावशी हातातलं तबक तसंच धरून उभी. "कोण बिशप? त्याचा पंथ वेगळा, आमचा वेगळा. मी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नाही."

शेख म्हणाले, "हाज्जी, दार आपल्या पोरांनी जाळायचं आणि चौकात यांनी उभं राहायचं?"

"त्यांनी शब्द दिलाय," हाज्जी म्हणाले.

मी कपाला हात लावला नव्हता. म्हटलं, "मावशी, असला शब्द मोडलास तर कुणी नावं ठेवणार नाही तुला."

ती माझ्यावरच उखडली. "मी ठेवीन ना. या घरात दिलेला शब्द जिरियसच्या बापाने कधी मोडला नाही. तू गप कॉफी पी."

शुक्रवारी ती आली. कुणी खुर्ची पुढे केली, ती तिने घेतली नाही. म्हणाली, "तो माणूस बोलला ते मला मान्य नाही. तुमच्या पैगंबरांचं नाव माझ्या घरात कधी वावगं निघालेलं नाही. तुमच्यातली निम्मी पोरं माझ्या ओट्यावर जेवलीत, त्यांना विचारा." बऱ्याच माना खाली गेल्या. एवढ्यावर भागलं असतं. पण गर्दीतून आवाज आला, "ऐकू येत नाही, म्हातारे, जोरात बोल." कुणीतरी हसलं. तिने सगळं पुन्हा म्हटलं, जोरात, शब्द न् शब्द तोच. तेव्हापासून ती दुपारी ओट्यावर बसत नाही.

तिला घेऊन जातो असं तू जेव्हा जेव्हा म्हणालास, तेव्हा मी आडवा आलो. मी मेलोय का, असं विचारायचो तुला. जिरियस, गर्दीतला तो आवाज माझ्या मुलाचा, तारिकचा होता. गावातलं कुणी तुला हे सांगणार नाही. मलाही तोंडावर कुणी म्हटलेलं नाही. मी त्याला तिच्यासमोर उभं केलं. माफी मागितली त्याने, पण भिंतीकडे बघून. मावशीने त्याला जेवायला वाढलं, तो जेवलाही. उद्या दुसऱ्या कुठल्या देशात दुसरा कुणी बिशप काही बोलला तर माझ्याच घरातून काय निघेल, याची हमी मला देता येत नाही. तिचं तिकीट पाठव. ती जाते म्हणत नाही, राहते असंही म्हणत नाही. काल मी निघालो तेव्हा कपाटातले कपडे पलंगावर मांडून बसली होती. म्हणाली, "शफीक, जिरियसकडे सध्या थंडी असेल का रे? जाड कोट लागेल?"

अजूनही तुझाच,
शफीक